इंजिन घेऊन ठेवलंय, गाडी कोणती घेऊ?

पत्र

आप्पा, नमस्कार. मी फैजपूरचा. वय २४, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सध्या भुसावळला एका गॅरेजात कामाला आहे. घरी केळी. लहानपणापासून स्पोर्ट्स कारचं वेड. परदेशातले लोक जुन्या माझदा मियाटामध्ये, डॅटसन झेडमध्ये मोठी इंजिनं बसवतात ते मोबाइलवर पाहून पाहून मीही ठरवलं. अपघातातल्या इनोव्हाचं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट घेऊन ठेवलंय. आता बॉडी शोधतोय. तीन पाहिल्या. धुळ्याला १९९६ची कॉन्टेसा क्लासिक १.८ आहे, चालू, ताजा लाल रंग मारलेली. एजंट म्हणतो, ‘डॉक्टरची गाडी, एकहाती.’ पाचोऱ्याला १९८७ची कॉन्टेसा आहे, जुन्या १५०० सीसीची. अकरा वर्षं गोदामात उभी, इंजिन जाम. मालक वारले, मुलगा विकतोय. तिसरी ठाण्याला, सॅन स्टॉर्म, दोन सीटांची, छत उघडणारी, खाडीलगतच्या सोसायटीत कव्हर घालून उभी असते. मला स्टॉर्मच खरी स्पोर्ट्स कार वाटते. अण्णा म्हणतात, भंगारात पैसे घालण्यापेक्षा ड्रिपच्या नळ्या बदल. मित्रांना गाडी दाखवायची आहे, धुळे-जळगाव हायवेला एकदा मोकळी सोडायची आहे आणि जमलं तर रेसलाही न्यायची आहे. कोणती घेऊ?

उत्तर

भाऊ, नवरदेवाला घोड्यावर बसवलंस आणि आता मुलगी बघायला निघालास. असू दे. इंजिन स्वस्तात दिसलं की भल्याभल्यांचे हात शिवशिवतात, तू तर चोवीस वर्षांचा. पण तिन्ही गाड्या जरा बाजूला ठेव आणि तुझ्याच पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाच. हायवेला मोकळी सोडायची आणि रेसलाही न्यायची, हे तू एका दमात लिहून गेलास. त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत रे भो. एकीत दोन्ही करायला गेलास की पैसे दोन गाड्यांचे जातात आणि हातात अर्धीच गाडी उरते.

कारण कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जे लिहिलं, त्याच्याशी फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मंजूर किट बसवायला त्यात वाट ठेवली आहे. थकलेलं इंजिन काढून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन ते होतं. कॉन्टेसासारख्या हिंदुस्थान मोटर्सच्या गाडीत इनोव्हाचं, म्हणजे टोयोटाचं इंजिन या कशातच बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दंड भरून सुटू असं तुला वाटेल. उद्या धरणगाव फाट्यावर कोणी मोटारसायकलवाला आडवा आला, तर विमा कंपनीचा माणूस आधी आरसीवरचा इंजिन नंबर ताडून बघेल. त्यानंतरची भरपाई अण्णांच्या केळीतून जाईल.

आणि ‘मी रोडवर नाही, शिवारात चालवीन’ असंही मनात आणू नकोस. लोकांना यायजायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा कायद्याला सार्वजनिकच. पाणंद त्यात आली. तुझ्या बांधाच्या आतली खळ्याची जागा तेवढी तुझी.

म्हणून पहिला निर्णय हा घे. रस्त्यावर फिरायचं असेल तर अस्सल १.८ची कॉन्टेसा घे, तिचंच इंजिन उघडून नीट बांध, आणि इनोव्हाचं विकून टाक. इनोव्हाचंच इंजिन बसवायचं असेल तर ती गाडी बंदिस्त ट्रॅकची. ती ट्रेलरवर जाते, ट्रेलरवर येते, आणि मित्रांना ती खळ्यातच दाखवायची. मला विचारशील तर दुसरं कर. इंजिन तुझ्याकडे आहे, हातात कसब आहे, आणि चुका पचवायचं वय आहे. पुढचं सगळं मी हाच धागा धरून लिहितोय.

आता स्पोर्ट्स कार. मियाटा १९८९ची, वजन टनाच्या आत, इंजिन पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. इंजिन बदलणाऱ्यांचा तिच्यावर जीव असणारच. पण ती आपल्याकडे येणार कुठून? व्हिंटेज गाड्या सोडल्या तर वापरलेली गाडी बाहेरून आणताना ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, असा आयातीचा नियम आहे. तेव्हा आपल्याला आपल्याच गोठ्यातली गाय निवडायची आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. या खेळातल्या नामांकित गाड्याही अशाच साध्या ढाच्यावर उभ्या राहिल्या. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने एसी एस ही छोटी इंग्लिश गाडी घेतली, तिच्यात फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं आणि कोब्रा झाली.

मला त्याहून शिकवणारी वाटते ती एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्स कार. तिच्यात १८०० सीसीचं बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं लोखंडी इंजिन असायचं. १९७३ मध्ये कंपनीने स्वतःच तिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं. आठ सिलिंडर म्हटल्यावर नाक जमिनीला टेकेल असं कोणालाही वाटेल. पण रोव्हरचं इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजन जुन्या चार सिलिंडरच्या जवळपासच राहिलं आणि गाडीचा तोल टिकला. हे एवढ्यासाठी सांगतोय की तुझ्या पाचोऱ्याच्या कॉन्टेसातलं १५०० सीसीचं इंजिन त्याच बीएमसी घराण्यातलं, म्हणजे आपल्या अँबेसेडरचं. तेही लोखंडाचा गोळा. ते काढून तू इनोव्हाचं घालशील तेव्हा पुढचं वजन किती बदलतं, हे अंदाजाने बोलायचं नाही. तुमच्याकडे केळीचा वजनकाटा आहे ना? दोन्ही इंजिनं गिअरबॉक्ससकट त्यावर चढव आणि आकडे लिहून ठेव. गाडी जागची हलायला लागली की तिला धर्मकाट्यावर ने, आधी फक्त पुढची चाकं चढव, मग फक्त मागची. बाहेर लोक याच कामाला महागडे काटे घेतात. आपल्याकडे गावोगाव आहेत.

ठाण्याची स्टॉर्म थोडक्यात संपवतो. तिच्यात रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. तुझं इंजिन उभं बसणारं आणि मागच्या चाकांना ताकद देणारं, म्हणजे मधला बोगदा, शाफ्ट, मागचा एक्सल, सगळं नव्याने उभारावं लागेल. त्यात ती खाडीच्या वाऱ्यात उभी आहे, आणि वरची बॉडी फायबरची असल्याने आतलं लोखंड किती खाल्लंय ते दिसतही नाही. दिसायला देखणी आहे, मान्य. जिच्या घरी आहे तिथेच तिला नांदू दे.

लान्सर किंवा जुनी होंडा सिटी सुचवणारेही तुला भेटतील. त्यांचीही इंजिनं आडवी, तेव्हा तेच उत्तर. पद्मिनीला ताकद मागच्या चाकांना, पण चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ती जन्मली हजार-अकराशे सीसीसाठी. तिला इनोव्हाचं इंजिन म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. जिप्सीचा शिडीचा चेसिस कामाला सोपा, पण तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर तुझे मित्रच हसतील.

राहिल्या दोन कॉन्टेसा. ही गाडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर एफई मॉडेलवरून आली. आपल्याकडे ती १९८४ मध्ये अँबेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन घेऊन निघाली. पन्नासेक अश्वशक्ती, आणि अंगाने पैलवान. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं, सुमारे ८८ अश्वशक्तीचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले तेव्हा कुठे ती गाडीसारखी पळाली. आपल्या कामाची गोष्ट मात्र तिच्या माहेरची आहे. विलायतेत याच बॉडीत व्हेंटोरा नावाने ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन ओळीत बसवलेलं होतं. म्हणून बॉनेट उघडलं की १५०० चं इंजिन त्या खोलीत एकटं, पोरकं वाटतं. कंपनीने ज्या बॉडीत कधीतरी मोठं इंजिन बसवलंय, तीच इंजिन बदलायला घ्यावी. जागा, मेंबर (इंजिन आणि सस्पेन्शन तोलणारा आडवा लोखंडी पट्टा), सस्पेन्शन यांचा विचार आधीच कोणीतरी पगार घेऊन केलेला असतो.

मग धुळ्याची का पाचोऱ्याची?

धुळ्याची चालू आहे, लाल आहे, चमकते आहे. मला नेमकी हीच भीती वाटते. विकायच्या तोंडावर मारलेला रंग म्हणजे काहीतरी झाकलेलं. एक माझं ऐक. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही अशीच एक पद्मिनी मुंबईहून आणली होती. एजंटने अशी फिरवून दाखवली की मी टायरही नीट पाहिले नाहीत. कसारा घाट चढून घरी आणली. दुसऱ्या दिवशी सिलखाली, म्हणजे दाराखालच्या पट्टीखाली जॅक लावून उचलली, आणि चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच ड्रायव्हरचं दार अडकलं. उघडेना. जॅक खाली केला, दार उघडलं. पुन्हा उचलला, पुन्हा अडकलं. सिल फोडलं तर आत कोंबडीची जाळी, तिच्यावर पुट्टी, आणि पुट्टीच्या मागे गोळा करून कोंबलेलं वर्तमानपत्र. पेपर सरळ करून वाचला. क्रिकेटची बातमी होती, तीही आपण हरल्याची. बायको आजही गाडी घ्यायचा विषय निघाला की विचारते, पेपर कोणता आहे बघितलात का?

तेव्हापासून माझी पहिली परीक्षा जॅकची. दाराच्या मधोमध सिलखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लाव, गाडी थोडी उचल आणि चारही दारं उघडून-लावून बघ. दार घासलं, अडकलं, फट कमीजास्त झाली, तर बॉडीच्या हाडात दम नाही. कॉन्टेसाला वेगळा चेसिस नाही, पत्राच तिचा चेसिस. दुप्पट ताकदीचं इंजिन अशा पत्र्याला टांगलंस तर पहिल्याच जोराच्या गिअरला काच तडकते. एजंट जॅक लावू देत नसेल तर चहा पिऊन परत ये. न बोलता त्याने उत्तर दिलेलंच असतं.

धुळ्याच्या गाडीचं दुसरंही एक आहे. तू चालू इंजिनाचे पैसे मोजणार आणि पहिल्याच आठवड्यात ते इंजिन उतरवून कोपऱ्यात ठेवणार. हा कसला व्यवहार? इसुझूचं धडधाकट १.८ इंजिन असलेल्या कॉन्टेसा आता किती उरल्यात! चालती गाडी इंजिन बदलायला फोडणं मला पाप वाटतं. ती एखाद्या शौकिनाने आहे तशी जपावी. पाचोऱ्याच्या गाडीचं इंजिन जाम झालंय, म्हणजे मालकाच्या मनातून ती उतरली आहे. भाव निव्वळ पत्र्याचा लागेल, आणि तुला हवा आहे निव्वळ पत्राच. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल, टाकीत पेट्रोलचा डांबर झाला असेल, ब्रेकचे सिलिंडर चिकटले असतील. खाऊ दे. यातलं काहीच तू ठेवणार नाहीस.

शिवाय पाचोरा म्हणजे आपली कोरडी हवा. मुंबई-कोकणातली गाडी दहा वर्षांत जेवढी गंजते तेवढी इकडची तीस वर्षांत गंजत नाही. आपल्या उन्हाने रबर, बुश, डॅशबोर्ड सगळं पापडासारखं होतं, पण ते विकत मिळतं. मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. गोदामाची जमीन कशी आहे ते बघ. फरशी असेल तर उत्तम. काळी माती असेल तर अकरा पावसाळे तिने खालून ओल दिली असणार, आणि गाडी वरून कोरी दिसली तरी पोटातून सडलेली निघेल. आधी गोदामात काय भरायचे तेही विचार. खत किंवा मीठ म्हणाले तर जरा जास्तच वाकून बघ.

भरताचं वांगं घेताना आपण नुसत्या रंगावर जातो का? हातात घेऊन जोखतो, देठाशी कीड आहे का बघतो. गाडीचे देठ सांगतो. पुढच्या स्प्रिंगचा टॉवर जिथे आतल्या पत्र्याला मिळतो ती जागा, बॅटरीखालचा ट्रे, काचेची खालची कडा, पुढच्या दाराच्या बिजागरीचा खांब आणि त्याखालचं सिल, मागच्या स्प्रिंगची बैठक, डिक्कीत स्टेपनीचा खळगा. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून फिरव. पटकन चिकटलं तर पत्रा, सुटून पडलं तर पुट्टी. मग पेचकसाच्या मुठीने टकटक कर. चांगला पत्रा टणटण बोलतो, सडलेला भद्द बोलतो. खळग्यात किंवा फ्लोअरला भोक निघालं तर घाबरू नको, तो तुकडा कापून नवा पत्रा बसतो. टॉवरची मुळं, स्प्रिंगची बैठक किंवा दाराचा खांब गेला असेल तर ‘फुकट नेतोस का’ म्हणाले तरी नको.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत ते. गावातल्या गवंड्याकडून ओळंबा मागून ने. गाडी सपाट फरशीवर ढकलून चारही बाजूंनी सारख्या उंचीवर टेकव. पुढच्या मेंबरचे दोन्हीकडचे तेच ते बोल्ट, मागच्या एक्सलचे दुवे जिथे बॉडीला लागतात ते दोन्हीकडचे बोल्ट, अशा जोडीच्या जागांवरून ओळंबा सोड आणि फरशीवर खडूने खुणा कर. गाडी बाजूला ढकल. राहिलेल्या खुणांचे कर्ण टेपने मोज. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, दोन्ही मापं चार-पाच मिलिमीटरच्या फरकात आली तर बॉडी सरळ. बोटभर फरक आला तर ती कधीतरी जोरात ठोकलेली आहे, मग पत्रा कितीही टणटण बोलो. वाकड्या बॉडीत इंजिन सरळ बसवायचं म्हणजे नक्की कशाला सरळ म्हणायचं, हेच कळत नाही.

जागेची मापं तिथेच घे. तुझ्या इंजिनाची लांबी, रुंदी, उंची आणि सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा खोल भाग पुढे आहे की मागे, हे वहीत लिहून ने. इनोव्हाचं नाक उंच, कॉन्टेसाचं बॉनेट सपाट, त्यामुळे लांबीला जागा भरपूर मिळेल, घोळ उंचीत होईल. इंजिन खाली बसवायला गेलास की सम्प क्रॉस मेंबरवर येईल. अशा वेळी सम्प काप, मेंबर कापू नकोस. सम्पचा आकार बदलून, तेल खेचणारी नळी त्याप्रमाणे हलवून काम होतं. मेंबरला मात्र सगळं सस्पेन्शन टांगलेलं असतं. उजव्या बाजूला स्टेअरिंगचा रॉड आणि सायलेन्सरची पहिली नळी यांच्यात हात जाईल एवढं अंतर हवं, कारण इंजिन जोर लावताना फाउंडेशनच्या, म्हणजे ते ज्यावर टेकतं त्या रबरावर डोलतं. उभं असताना जे सुटं दिसतं ते चालताना घासतं.

बसवताना सगळं आधी टाक्यांवर धर. टाके म्हणजे वेल्डिंगचे ठिपके. फाउंडेशनचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सचा आडवा मेंबर, गिअरच्या दांडीचं भोक, सगळं जुळलं की मगच पूर्ण वेल्डिंग, तेही सीओटूने. काडीच्या वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा जळतो. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा लागेल. त्याच्या दोन्ही टोकांच्या जॉइंट क्रॉसचा कोन सारखा आणि उलट दिशेचा ठेव, एक ते तीन अंशांच्या दरम्यान. हे चुकलं की ऐंशीच्या पुढे गाडी अशी थरथरते की माणूस इंजिनाला शिव्या देतो आणि दोष असतो कोनाचा. मागचा एक्सल पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाचा आहे, तुझं इंजिन १३०च्या आसपासचं. तेव्हा इनोव्हाचा एक्सल कापून अरुंद करण्यापेक्षा १.८च्या कॉन्टेसाचा मिळतो का ते आधी शोध. ब्रेकचंही तेच. जोर अडीचपट झाला तर थांबायची सोयही तशी हवी.

इनोव्हाच्या विक्रेत्याकडे आजच्या आज परत जा आणि त्याच अपघातग्रस्त गाडीचं वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), किल्ली, ॲक्सिलरेटरचं पेडल, सगळे सेन्सर उचल. एकाच गाडीतले. वेगवेगळ्या गाड्यांतून गोळा केलेल्या वायरिंगवर मी एकदा दोन महिने घालवलेत, आणि शेवटी दोष एका न जुळणाऱ्या किल्लीचा निघाला.

रेडिएटरबद्दल मी जरा हट्टी आहे. परदेशातले ते व्हिडिओ जिथे काढतात तिथे मे महिन्यात स्वेटर घालतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, भुसावळकराला मी काय सांगावं. मोठा रेडिएटर सगळेच लावतात. पण हवा रेडिएटरच्या बाजूने पळून जाणार नाही असं पत्र्याचं कोंदण आणि पंख्याचं कव्हर कोणी करत नाही, मग पंखा नुसता आवाज करतो. पेट्रोलच्या नळ्या सायलेन्सरपासून लांबून ने आणि जुनी रबरं एकही ठेवू नकोस. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ होतं आणि एक दिवस गरम इंजिनावर गळतं. आग विझवायचा सिलिंडर पहिल्या दिवसापासून हाताशी ठेव.

पैशाचं बोलतो, कारण अण्णा तेच विचारणार. माझ्या अनुभवात इंजिनाला एक रुपया लागला तर ते गाडीत बसून चालेपर्यंत आणखी तीन लागतात, आणि त्यातला मोठा वाटा पत्रा आणि ब्रेकचा. तुझ्याकडे एकूण किती आहेत ते तू लिहिलं नाहीस. आधी सिलं, फ्लोअर, ब्रेक यांचा हिशेब मांड. तो पुरा होत नसेल तर गाडी घेऊन ताडपत्री घालून ठेव, पण इंजिन टांगू नकोस. आणि ड्रिपच्या नळ्या यंदा बदलून टाक. तेवढं केलंस तर खळ्यातली अर्धी शेड तुला मिळेल, असा माझा अंदाज आहे.

कागद. गाडी ट्रॅकची म्हणून कागदाकडे दुर्लक्ष करू नकोस, चोरीची गाडी ट्रॅकवरही चोरीचीच. पाचोऱ्याची आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल तर मुलाने आधी वारस म्हणून फॉर्म ३१ वर ती आपल्या नावे करून घ्यावी, मग २९ आणि ३० वर तुझ्या नावे. इतर भाऊ-बहिणींची संमती लेखी घे. गाडी बापाची असते आणि विकल्यावर आठवणी सगळ्या भावंडांना येतात. बॉडीवरचा चेसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघ, त्याच्या आसपास ग्राइंडरच्या खुणा नाहीत ना तेही. पुढे काम करताना त्या नंबरच्या पत्र्याला कटर लावू नकोस. जाम झालेलं १५०० चं इंजिनही भंगारात घालू नकोस. आरसीवर नंबर त्याचाच आहे. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली तर तेच लागेल.

रेसला जायचं तर त्याआधी एफएमएससीआय या देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं लायसन्स आणि तू ज्या गटात उतरशील त्याचे नियम मागवून घे. रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पिंजरा), सीटचे पट्टे, बॅटरीचा कट-ऑफ यांची मापं नियमात दिलेली असतात. केज आधी आणि डॅशबोर्ड नंतर, नाहीतर डॅशबोर्ड दोनदा कापावा लागतो.

पाचोऱ्याला सकाळी लवकर जा, दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. जॅक, लाकडी ठोकळा, चुंबक, टॉर्च, टेप, खडू आणि ओळंबा घे, आणि एकटा जाऊ नकोस, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. अण्णांनाच ने. त्यांनी ड्रिपच्या लाइनी आखल्यात, कर्ण कसा जुळवायचा ते त्यांना तुझ्याहून चांगलं कळतं. दोन्ही कर्णांची मापं आणि सम्पचा फोटो पाठव, मग फाउंडेशनचं बोलू.

— आप्पा